डावी वर, उजवी खाली: एका ३७०-झेडच्या टिपांचं प्रकरण

गाडी आली तेव्हा डाव्या टिपेच्या (सायलेन्सरच्या तोंडावर बसवतात त्या चकचकीत नळकांड्याच्या) बरोबर वर बंपरची कड अंगठ्याएवढी वितळलेली होती. वितळून पुन्हा थिजलेलं प्लॅस्टिक चकाकतं, तसं ते चकाकत होतं. आजूबाजूचा भाग मूळचा खरखरीत काळा. लांबून कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण मालकाला गाडीत दुसरं काही दिसतच नव्हतं.

गाडी निसान ३७०-झेड. ३.७ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, बसायला दोघंच. आपल्याकडे २०१० मध्ये आली आणि मोजक्याच विकल्या गेल्या. मालक दातांचे डॉक्टर. वय पस्तिशीचं, गाडी जुनी घेतलेली, हौस मात्र नवी. मूळ टिपा काढून त्यांनी साडेचार इंची, दुहेरी भिंतीच्या, तिरप्या कापाच्या स्टेनलेसच्या टिपा दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतल्या होत्या. त्यानंतर तीन तक्रारी सुरू झाल्या. डावी टिप वर आणि उजवी खाली दिसते. डावी गरम झाली की बंपरला लागते. आणि इंजिन २००० आरपीएमच्या आसपास असताना मागून पत्र्याची खडखड येते.

"दादा, त्यांनी दोनदा सरळ केल्या. पंधरा दिवसांत परत तसंच," डॉक्टर म्हणाले.

मी मूळचा गाड्यांचा माणूस नाही. डेअरी आणि औषध कंपन्यांच्या स्टेनलेस पाइपांना आर्गन वेल्डिंग करणं हा धंदा. एका मित्राच्या गाडीचा सायलेन्सर जोडून दिला, त्याने चार जणांना सांगितलं आणि असं करत महिन्याला दोन-तीन गाड्या येऊ लागल्या. पाइपवाल्याला एक सवय असते: नळीचं शेवटचं टोक वाकडं दिसलं तर तो मागे मागे जात राहतो, कारण वाकडेपणा बहुतेक वेळा टोकात नसतो. ही सवय अंगात असूनही या प्रकरणात पहिला तासभर मी टिपांशीच खेळत बसलो. क्लॅम्प सैल केला, डावी खाली दाबली, उजवी उचलली, आवळलं, मागे जाऊन बघितलं. छान दिसली. गाडी सुरू केली, दोनदा रेस दिली, बंद केली, पुन्हा बघितलं. डावी वर, उजवी खाली.

तेव्हा हातातला पाना ठेवला आणि मोजायला बसलो.

या गाडीत मागे एकच सायलेन्सर आहे, आडवा. त्याच्या डाव्या टोकाला एक तोंड, उजव्या टोकाला एक. म्हणजे तो तराजूची दांडी आहे आणि टिपा ही पारडी. दांडी अर्ध्या अंशाने कलली, तरी मीटरभर अंतरावरच्या दोन पारड्यांत नऊ मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्याला अर्धा अंश कळत नाही, नऊ मिलिमीटर मात्र ताबडतोब कळतात, कारण टिपेभोवती बंपरचा गोल कापलेला घाट असतो आणि त्या फटीशी डोळा टिपेची तुलना करत राहतो. ज्या गाड्यांना दोन्ही बाजूंना वेगळे सायलेन्सर असतात तिथे हे काम सोपं: एक बाजू धरून ठेवायची, दुसरी जुळवायची. इथे एका बाजूला हात लावला की दुसरी हलते.

टिपेच्या वरची फट थंड गाडीवर मोजली: डावीकडे ५ मिलिमीटर, उजवीकडे २४. फरक १९. डॉक्टरांच्या मते हे १९ मिलिमीटर टिपांचे होते. मला निदान हे बघायचं होतं की यातले टिपांचे किती, सायलेन्सरचे किती आणि बंपरचे किती.

मोजायचं तर कशापासून, हा पहिला प्रश्न. जमिनीपासून मोजता येत नाही. माझ्या शेडची फरशी गटाराकडे उतरती आहे, आणि सपाट असती तरी टायरमधली हवा नि स्प्रिंगा दोन्ही बाजूंना सारख्या असतील याची खात्री कोण देणार? बंपरपासूनही मोजायचं नाही. बंपर हे प्लॅस्टिकचं पांघरूण आहे. एकदा कुणी मागून टेकवलं, काढून बसवलं, की पाच मिलिमीटर इकडे-तिकडे झालेलंच असतं. गाडी लिफ्टवर घेतली आणि खाली चासीला डाव्या-उजव्या बाजूला कंपनीनेच पाडलेली जी सारखी भोकं असतात, त्यांतली एक जोडी शोधली. त्या दोन भोकांत बोल्ट अडकवून आडवा अ‍ॅल्युमिनियमचा चॅनल बांधला. आता हीच माझी जमीन. इथून खाली जे मोजेन ते खरं.

मग टिपा काढल्या. काढल्याशिवाय सायलेन्सरची मूळ तोंडं काय सांगतात ते कळत नाही. डावी टिप सहज निघाली, नको तितकी सहज. तिच्यासोबत पत्र्याची एक गुंडाळी खाली पडली. उचलून बघितली तर तेलाच्या डब्याचा पत्रा, कात्रीने कापलेला, छापील निळा रंग अजून एका कोपऱ्यात शिल्लक. ती २००० आरपीएमची खडखड हीच.

पत्रा का घालावा लागला, ते व्हर्नियरने सांगितलं. सायलेन्सरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर. टिपेच्या मानेचा आतला व्यास ६४. टिप 'अडीच इंची पाइपसाठी' म्हणून विकलेली होती आणि गॅरेजवाल्याने तोंडाला टेप लावून 'अडीचच्या आसपास आहे' असं ठरवलं असणार. इथे आमच्या धंद्यातला एक जुना घोळ आहे. नळी, म्हणजे ट्यूब, बाहेरच्या व्यासाने ओळखली जाते: अडीच इंची ट्यूब म्हणजे बाहेरून ६३.५. पाइप मात्र नावाने ओळखला जातो आणि ते नाव कुठल्याच मापाशी नीट जुळत नाही: दोन इंची पाइप बाहेरून ६०.३ भरतो. दुकानात दोन्हींना 'पाइप'च म्हणतात. डेअरीच्या कामात या घोळामुळे भंगारात गेलेले बेंड मी डोळ्यांनी पाहिले आहेत. इथे त्याच घोळाने ३.७ मिलिमीटरचा ढिलेपणा आणला होता.

३.७ ऐकायला काही नाही. पण टिप तोंडावर जेमतेम ४० मिलिमीटर चढलेली होती आणि पकडीच्या पुढे आणखी ११० लांब होती. चाळिसात ३.७ कलली तर टोकाला दहा मिलिमीटर जाते. पत्रा कोंबून त्यांनी ते निम्म्यावर आणलं असेल, पण पत्रा गरम-गार होऊन चेपत जातो, पंधरा दिवसांत बसतो आणि टिप परत मान टाकते. वरून यू क्लॅम्प आवळलेला. यू क्लॅम्प नळीला दोन रेषांवर चिमटा काढतो. नळी अंडाकृती होते आणि पुढच्या वेळी त्या खाचेतच जाऊन बसते. माझी तासाभराची मेहनत तिथेच वाया गेली होती. मी कितीही फिरवली तरी टिप त्या खाचेत परत घसरत होती.

आता उघड्या तोंडांची मापं. चॅनलपासून डाव्या तोंडाच्या माथ्यापर्यंत १४२, उजव्याच्या १५३. म्हणजे टिपा नसतानाही दांडी ११ मिलिमीटर कललेली. १९ मधले ११ इथेच गेले. आधीच्या गॅरेजने काहीही केलं असतं, अगदी टिपा वेल्ड केल्या असत्या, तरी हे ११ तसेच राहिले असते.

दांडी कलली कशाने? सायलेन्सर ज्या रबरांवर लोंबतो त्यांतलं उजवीकडचं एक ओढून लांबलेलं होतं, भोक अंड्यासारखं, कडेला बारीक भेगा. ते वयाचं. डावीकडे वेगळीच गोष्ट. सायलेन्सरच्या पोटावर डाव्या बाजूला हातभर लांब ओरखडा, त्यात डांबराचे कण अजून रुतलेले, आणि त्याच बाजूचा रबरात अडकणारा सळईचा हूक वर वाकलेला.

"डॉक्टर, स्पीडब्रेकरवर कधी घासली?"

"कधी नाही ते विचारा."

खरं आहे. ही गाडी जमिनीला जवळ. पुण्यात सोसायटीसोसायटीने आपापल्या मनाने घातलेले उंचवटे. ते ओलांडताना डॉक्टर गाडी तिरकी घेतात, सगळे घेतात, आणि तिरकी घेतली की सायलेन्सरचं एकच टोक आधी टेकतं. दर वेळी तेच टोक. डावा हूक वर गेला, उजवं रबर खाली आलं. दोन वेगवेगळ्या कारणांनी दांडी एकाच दिशेला कलली.

हूक सरळ करताना घाई केली नाही. सळईवर हातभर पाइप घालून थंडच दाबायचं, पण आधी सळईच्या मुळाशी असलेलं वेल्डिंग वायर ब्रशने घासून भिंगाखाली बघायचं. तिथे केसाएवढी चीर असेल तर सळई सरळ होईल आणि महिन्याने तुटून सायलेन्सर रस्त्यावर लोंबेल. चीर नव्हती. ब्रश स्टेनलेसच्या तारांचाच घेतला. साध्या लोखंडी ब्रशने स्टेनलेस घासलं की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्या पावसात तिथे तांबूस ठिपके उमटतात. गिऱ्हाईक मग फोन करून विचारतं, 'ओरिजिनल स्टेनलेस होतं ना?'

रबरं दोन्ही बाजूंची बदलली. एकच बदललं तर नवं ताठ आणि जुनं मऊ अशी नवी तिरपाई तयार होते. नव्या रबरांनी उजवी बाजू ६ मिलिमीटर वर आली, डावी १. मग हूक दाबत दाबत डावी ७ खाली आणली. शेवटी डावी १४८, उजवी १४७. एक मिलिमीटर मी सोडून दिला. तेवढा नवं रबर बसताना स्वतःच खाऊन टाकतं किंवा वाढवतं, त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

बंपरचं काम अर्ध्या तासाचं निघालं. डाव्या कोपऱ्यातली एक क्लिप ब्रॅकेटमधून सुटलेली होती, त्यामुळे बंपरची डावी बाजू ३ मिलिमीटर खाली झोपली होती. ती बसवली. ११ आणि ३ मिळून १४. उरलेले ५ उजव्या टिपेने टाकलेल्या मानेचे. हिशेब जुळला. हिशेब असा जुळला की बरं वाटतं, दर वेळी जुळत नाही.

आता टिपा. ढिलेपणा घालवायला मधे बाही लागणार. माझ्याकडे डेअरीच्या कामातला ६३.५ बाहेरच्या व्यासाचा, दीड मिलिमीटर जाडीचा, ३०४ जातीच्या स्टेनलेसचा नळीचा तुकडा पडलेला होता. ६३.५ मधून दोन्ही बाजूंचे दीड-दीड काढले तर आतला व्यास उरतो ६०.५. तोंड ६०.३ चं. बाहेरून ६३.५, मानेचा आतला ६४. जणू याच कामासाठी ठेवला होता. ६० मिलिमीटर लांबीच्या दोन बाह्या कापल्या, प्रत्येकीला लांबीत एक आरपार चीर दिली, म्हणजे वरून आवळल्यावर ती मिटून तोंडाला चिकटेल. चिरेच्या कडा कानशीने मोडल्या.

बाही चढवण्याआधी तोंडाला काटकोन बघायचा गुण्या लावला, तर काप दोन मिलिमीटर तिरका. मूळ टिपा ग्राइंडरने हातानेच उडवलेल्या होत्या, आत बोटाला लागेल अशी कापाची धारदार कड तशीच ठेवलेली. तोंडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळायची, कड कडेला जुळली की तीच काटकोनातली रेषा. तिच्यावर मार्करने फिरवून, फ्लॅप चाकाने तेवढं घासून घेतलं. पाइपवाल्यांची ही कागदाची युक्ती कुठल्याही महागड्या उपकरणाहून भरवशाची आहे.

यू क्लॅम्पऐवजी रुंद पट्ट्याचा स्टेनलेस क्लॅम्प घेतला. तो नळीला सगळीकडून सारखा कवटाळतो. स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवायचा नाही, आटे एकमेकांना चावतात आणि अर्ध्यात असे जॅम होतात की कापूनच काढावे लागतात. चिमूटभर कॉपर ग्रीस लावलं की झालं.

इथे डॉक्टरांनी विचारलं, वेल्डिंगच का नाही मारत? प्रश्न बरोबर होता. आर्गन मारणं हा माझा धंदा, क्लॅम्पपेक्षा ते मला सोपं, आणि दिसायलाही सुबक. मी नाही म्हणालो, कारण स्पीडब्रेकर संपलेले नाहीत. पुढच्या वेळी टेकली की क्लॅम्प पाच मिलिमीटर सरकेल. वेल्ड सरकत नाही, तो धक्का हुकाला आणि सायलेन्सरच्या पत्र्याला देतो. शिवाय टिप वेल्ड केली की उद्या सायलेन्सर उतरवताना ती बंपरच्या घाटात अडकणार. ज्याला वेल्डच हवं त्याने निदान महिनाभर क्लॅम्पवर चालवून, रबरं बसू देऊन, मग मारावं. आणि मारण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, वेल्डिंगची अर्थ वायर जोडाच्या जवळ लावावी, बंपर उतरवून ठेवावा. बंपरवर ओलं पोतं टाकून वेल्डिंग करणारे आहेत. त्यांच्याकडून आलेले बंपरही मी पाहिले आहेत.

जुळवणी सुरू झाली आणि पहिला वाद पाणसळीवर झाला. डॉक्टरांनी मोबाइलमधली पाणसळ उघडून टिपेच्या ओठावर धरली. "ही बघा, पॉइंट आठ डिग्री." मी म्हटलं, ती ठेवा खिशात. गाडी फरशीवर उभी आहे, फरशी उतरती आहे, आणि रस्ताही कुठे सपाट असतो? बघणारा टिपेची तुलना बंपरच्या कापाशी करतो, क्षितिजाशी नाही. टिप पाणसळीला सरळ आणि बंपरला वाकडी असेल तर ती वाकडीच दिसणार. दातांचंही तसंच असतं ना, असं विचारल्यावर ते हसले. म्हणाले, पेशंटच्या ओठांची रेषाच तिरकी असेल तर पुढचे दात तिच्याशी जुळवायचे की चेहऱ्याच्या मध्यरेषेशी, यावर आमच्यातही वाद होतात. मग पाणसळ खिशात गेली.

तिरप्या कापाच्या टिपेत आणखी एक भानगड असते. सरळ कापाची टिप स्वतःभोवती फिरली तरी कुणाला कळत नाही. तिरप्या कापाची पाच अंश फिरली की ओठ वाकडा दिसतो, जणू कुणी तोंड वेंगाडलंय. दोन्ही टिपांचा वरचा ओठ बरोबर बारा वाजता हवा. त्यासाठी टिपेच्या तोंडावर आडवी लाकडी पट्टी चिकटपट्टीने लावली, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मागे उभं राहून एका दोरीच्या रेषेत आणल्या आणि मानेवर नि बाहीवर मार्करने एक सलग रेघ ओढली. नंतर कधी टिप फिरली तर रेघ तुटलेली दिसेल.

फट किती ठेवायची? टिपेचं टोक थंड असताना जिथे असतं तिथे गरम झाल्यावर नसतं. सायलेन्सरची सगळी नळी इंजिनाकडे पुढे बांधलेली असते आणि मागे रबरांवर लोंबते, म्हणून गरम झाली की मागेच सरकते. गाड्यांच्या सायलेन्सरला बहुधा वापरतात ते स्टेनलेस मीटरमागे दर अंशाला ०.०११ ते ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ३०४ असेल तर ०.०१७. तीन मीटर नळी सरासरी ३०० अंशांनी तापली तर कागदावर दहा-साडेदहा मिलिमीटर. प्रत्यक्षात मागचा भाग तेवढा तापत नाही आणि बेंड काही वाढ गिळतात. म्हणून टिप थंड असताना बंपरच्या कडेपासून १० मिलिमीटर बाहेर ठेवली. आत ठेवायची नाही, कारण मग गरम वायू बंपरच्या खालच्या कडेला चाटत जातो आणि काजळी धरते. फार बाहेर काढली तर मागून सामान ठेवणाऱ्याची पोटरी भाजते.

वर-खाली मात्र नळी तापल्याने फारसा फरक पडत नाही. तिथे झटके महत्त्वाचे. खड्ड्यात सायलेन्सर रबरांवर उसळतो आणि वर जातो. शिवाय इंजिन लांबीत बसवलेलं असेल तर रेस दिल्यावर ते आपल्या माउंटांवर कुशीला वळतं, त्या पिळाने एक टिप किंचित वर आणि दुसरी किंचित खाली येते. वरची फट खालच्यापेक्षा जास्त हवी ती यासाठी. पण जास्त ठेवली की टिप घाटात खाली बसल्यासारखी दिसते. वर १८, खाली १४ ठेवली. चारचा फरक डोळ्याला जाणवत नाही.

हा १८ पुरतो की नाही ते अंदाजावर सोडलं नाही. शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानातून मुलांची क्ले आणली, बंपरच्या वरच्या कडेला आतून १८ मिलिमीटरचे दोन गोळे चिकटवले आणि गाडी थंड असतानाच दोघं बसून गल्लीतले चार उंचवटे मुद्दाम जरा जोरात घेतले. परत येऊन मोजलं: डावा गोळा चेपून ११ झालेला, उजवा १२. म्हणजे उसळी सात मिलिमीटरची आणि तरी अकरा शिल्लक. आधी डावीकडे पाचच होते. बंपर वितळला यात नवल काय? तो पॉलिप्रोपिलीनच्या जातीचा असतो. ते १६० अंशांच्या पुढे वितळतं आणि मऊ त्याच्या खूप आधी पडतं.

मग गरम चाचणी. धायरीहून हायवेने खेड शिवापूरपर्यंत आणि परतताना जुन्या कात्रज घाटातून, जवळपास पाऊण तास. आल्याआल्या लेझर थर्मामीटर टिपेवर मारला तर ६१ अंश. डॉक्टर खुश. मी म्हटलं, थांबा. चकचकीत स्टेनलेस या यंत्राला फसवतं. ते स्वतःची उष्णता कमी फेकतं आणि आजूबाजूचं प्रतिबिंब जास्त दाखवतं. निघण्यापूर्वी टिपेच्या खालच्या बाजूला मी उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा पैशाएवढा ठिपका लावून ठेवला होता. त्याच्यावर मारला: १४८. बोटभर अंतरावर एकच धातू, एकच तापमान, आणि दोन आकडे. 'टिप फक्त साठ अंश तापते' म्हणून छातीठोक सांगणारे जे भेटतात, ते बहुतेक चकाकी मोजत असतात.

टिपा मागे सरकल्या होत्या ७ मिलिमीटर. कागद दहा म्हणत होता. वर-खाली दोन्हीकडे मिलिमीटरभराचाच फरक. खडखड नाही.

डॉक्टरांच्या मनात आणखी एक होतं: टिपा निळ्या करून घ्यायच्या, 'बर्न्ट टायटॅनियम'सारख्या. त्यांच्या टिपा टायटॅनियमच्या नव्हत्याच. ३०४ स्टेनलेस हवेत तापवलं तर २९० अंशांच्या आसपास फिकट पिवळं पडतं, ३९० ला तपकिरी, ४५० ला गडद जांभळं आणि निळं व्हायला ५४० लागतात. टॉर्च मारून तो रंग मी दहा मिनिटांत आणून देईन, पण आपोआप टिपेच्या टोकाला तो रंग आला तर समजा की बंपर त्याआधीच गेला. आणि टॉर्चने आणलेला रंग म्हणजे ऑक्साइडचा पातळ पापुद्रा. तिथली गंज रोखायची ताकद कमी होते, पावसाळ्यात आधी तिथेच डाग धरतात. ते नको म्हणाले. बहुधा पुढच्या वर्षी परत विचारतील.

आवाजाचंही त्यांना वाटलं होतं की भारदस्त होईल. टिपेने आवाज बदलत नाही, निदान कानाला कळेल इतका नाही. तो ठरतो आत, सायलेन्सरच्या पोटात. मला हे बरंच वाटतं. सायलेन्सर पोकळ करून देणारं काम मी घेत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करायला मनाई करतं, १९० (२) मध्ये आवाज नि धुरासाठी दहा हजारांपर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद आहे, आणि जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवतानाचे पोलिसांचे फोटो महाराष्ट्रात सगळ्यांनी पाहिलेत. त्या मानाने टिप म्हणजे कानातली डूल. एक मात्र तपासून घेतलं: पीयूसीची नळी टेलपाइपमध्ये ३०० मिलिमीटर आत जावी लागते. काही टिपांच्या आत जाळी किंवा आवळलेला गळा असतो आणि नळी तिथे अडते. यांच्यात सळई सरळ आत गेली.

बिल साडेचार हजार झालं, रबरं आणि क्लॅम्प धरून. टिपा त्यांनी अठरा हजारांना घेतलेल्या. वितळलेली कड मी सँडपेपरने घासून, खरखरीत काळा रंग मारून देतो म्हटलं, तर म्हणाले राहू दे, टिप पुन्हा वर चढली तर खूण असलेली बरी.

चार महिन्यांनी गाडी परत आली. कोथरूडमधल्या कुठल्याशा नव्या उंचवट्यावर डावी बाजू टेकली होती. खाली वाकलो, मार्करची रेघ शोधली. मान बाहीवर सहा मिलिमीटर मागे सरकली होती, फिरली नव्हती. हूक जागेवर. वरची फट १७. नट सैल केला, टिप तळहाताने ठोकून पुढे घेतली, रेघ जुळवली, आवळलं. डॉक्टर अजून चहाची ऑर्डर देत होते.